गुडघा दुखावला, आता झोपून राहायचं का? तालमीपासून फिजिओथेरपीपर्यंतची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा सतरा वर्षांचा, मंडळाच्या संघातून कबड्डी खेळणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चढाई करून परत वळताना पाय जागेवर राहिला, अंग फिरलं, आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. त्याला आता तीन आठवडे झाले होते. घरच्यांनी बर्फ लावला, एका हाडवैद्याकडून दोन वेळा ओढून घेतला, आणि मग सगळ्यांच्या सल्ल्याने त्याला पलंगावर झोपवून ठेवलं. जेवण जागेवर, अभ्यास जागेवर.

मी गुडघा तपासायला बसलो, पण नजर मांडीवर गेली. टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक झाली होती.

"डॉक्टर, अजून किती दिवस झोपवून ठेवू याला?" आईने विचारलं.

"ताई, आजपासून उठवायचा आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की त्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुखलं की पडून राहायचं, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच सांगत होतो. तेव्हा नवीन प्रॅक्टिस होती. असाच एक खेळाडू आला, एक्स-रे नॉर्मल निघाला, मी क्रेप बँडेज बांधलं, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि तीन महिने संपूर्ण विश्रांती सांगितली. तीन महिन्यांनी सूज नव्हती, दुखत नव्हतं. मी म्हणालो, खेळ आता. पहिल्याच सामन्यात तोच गुडघा पुन्हा गेला. तो मुलगा परत मैदानात उतरला नाही. आजही तो मला भेटतो, हसून नमस्कार करतो, आणि जिना उतरताना कठड्याला धरतो.

दुखावलेल्या शरीराला विश्रांती द्यायची की हालचाल, या प्रश्नावर डॉक्टरांनी दोनशे वर्षांत बऱ्याच कोलांटउड्या मारल्या आहेत. आज फिजिओथेरपिस्ट तुमच्याकडून जे व्यायाम करून घेतात, ते कुठून आले हे एकदा कळलं की करायला कंटाळा कमी येतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात आपल्या तालमीपासून करू. देहू, भोसरी, चाकण, मावळ हा सगळा पट्टा कुस्तीचा आणि कबड्डीचा. कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे गावोगावी तालीम होती. जुन्या वस्तादांना 'स्पोर्ट्स इंज्युरी' हा शब्द माहीत नव्हता, पण पोराला थेट हौद्यात सोडून लढत लावायची नाही, हे पक्कं माहीत होतं. आधी जोर, बैठका, सपाट्या. हौद्याची माती खणणं हाच एक व्यायाम. त्या मातीत हळद, तेल, ताक घालून ती मऊ ठेवायची, म्हणजे पडलं तरी लागत नाही. मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचं अंग रगडून देत. आज ज्याला वॉर्म-अप, कंडिशनिंग, खेळाची सुरक्षित जागा आणि रिकव्हरी म्हणतात, ते सगळं यात आहे. नावं तेवढी वेगळी.

मल्लखांब हे याचंच सर्वांत सुंदर उदाहरण. मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे, पण त्याचं आजचं रूप उभं राहिलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांच्या हातून. निजामाच्या राज्यातून आलेल्या दोन मल्लांचं आव्हान स्वीकारून त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर तयारी केली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी डॉक्टर म्हणून मला त्या खांबाचं महत्त्व वेगळंच वाटतं. खांब हा असा जोडीदार आहे की जो उलटून डाव टाकत नाही. पकड, खांदे, पाठ, पोटाचे स्नायू, मांडीच्या आतली बाजू, सगळं लढतीत लागतं तसंच लागतं, पण अनपेक्षित झटका बसत नाही. कुस्तीत जो ताण अंगावर येणार आहे तो आधी, थोडा थोडा, आपल्या ताब्यात ठेवून अंगाला द्यायचा. दुखापत टाळण्याच्या आधुनिक शास्त्राचा गाभा हाच आहे. तो पुढे आपल्याला युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानावर पुन्हा भेटेल.

दुखापत झालीच तर? त्या वेळी डॉक्टर तालुक्यालाही नसत, त्यामुळे वस्तादच उपचार करी. मराठी मुलखाबाहेर पण मराठी माणसांच्या जवळचं एक मोठं नाव म्हणजे बडोद्याचे प्रो. माणिकराव. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांनी पुढे नेली. सामुदायिक कवायतीसाठी ते जितके प्रसिद्ध होते तितकेच निखळलेले सांधे बसवण्यासाठी आणि मोडलेल्या हाडांवरच्या उपचारांसाठीही. बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' हा दहा खंडांचा अवाढव्य प्रकल्प पुरा केला. व्यायाम ही अभ्यासाची आणि नोंद ठेवण्याची गोष्ट आहे, असं मानणारी ही माणसं होती.

मात्र तालमीचं सगळंच बरोबर होतं असा भाबडेपणा नको. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश केली तर आतला रक्तस्राव वाढतो. अस्थिबंध तुटला आहे की हाड मोडलं आहे हे हाताने नेहमी कळत नाही, आणि अशा वेळी ओढाताण केली तर छोट्याचं मोठं होतं. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचा गुडघा दोनदा ओढला होता, त्याने सूज वाढली होती. चांगला वस्ताद दुखापत होऊ देत नसे, पण झाल्यावर त्याच्याकडे एक्स-रे नव्हता.

हाडवैद्य फक्त आपल्याकडेच होते असंही नाही. इंग्लंडमध्ये 'बोनसेटर' नावाची हीच जमात होती आणि शिकलेले डॉक्टर त्यांना हिणवत असत. गंमत पाहा, आधुनिक अस्थिरोगशास्त्राच्या जनकांपैकी एक मानले गेलेले लिव्हरपूलचे डॉ. ह्यू ओवेन थॉमस हे अशाच बोनसेटर घराण्यातले. मोडलेल्या मांडीसाठी 'थॉमस स्प्लिंट' अजून वापरतात, ती त्यांचीच. एकोणिसाव्या शतकात त्यांनी शिकवण दिली ती संपूर्ण, सक्तीच्या आणि लांबलचक विश्रांतीची. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. सांध्यांचा क्षयरोग सर्रास होता, अँटिबायोटिक नव्हती, प्लास्टर आणि वेळ एवढीच औषधं. क्षयाने पोखरलेला सांधा स्थिर ठेवला तर वाचे.

घोटाळा नंतर झाला. आजारी सांध्याला लागू असलेला नियम दुखावलेल्या प्रत्येक सांध्याला लागू झाला. हृदयविकाराला सहा आठवडे पलंग, बाळंतिणीला पलंग, कंबरेला पलंग, लचकलेल्या घोट्याला प्लास्टर. आमच्या वैद्यकीय शिक्षणात हे इतकं खोल रुजलं होतं की 'बेड रेस्ट' लिहिताना हात थबकत नसे. १९४७ मध्ये रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरने पलंगावर पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण कडक लेख लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. तरी सवय मोडायला पुढे कित्येक वर्षं गेली.

विश्रांतीची किंमत किती, हे आकड्यांत दाखवलं ते अमेरिकेतल्या डॅलसच्या एका प्रयोगाने. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. आजार काहीही नाही, फक्त झोपायचं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो तो, एक चतुर्थांशापेक्षा जास्त घसरला. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं. वय पन्नाशीचं, वजन वाढलेलं. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका कमी झाला होता, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त कमी झाला होता. मी हे पेशंटला सांगतो तेव्हा बहुतेकांना खोटं वाटतं.

मांडीचंही तसंच. गुडघ्यात सूज आली की तिथल्या मज्जातंतूंकडून मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू 'थांब' असा निरोप जातो. स्नायू आखडतच नाही, आणि काही दिवसांत बारीक व्हायला लागतो. गुडघ्याला खरा आधार त्याच स्नायूचा. म्हणजे सूज गेली, दुखणं गेलं, पण आधारही गेला. माझ्या पहिल्या पेशंटचं हेच झालं होतं. मी दुखण्यावर उपचार केले आणि मांडी मोजलीच नाही.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती मात्र खेळाडूंसाठी नव्हे, लहान मुलांसाठी. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळे पडलेले पाय घेऊन मुलं रुग्णालयात येऊ लागली आणि त्यांना व्यायाम शिकवणारे प्रशिक्षित हात नव्हते. तेव्हा सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं केंद्र आणि शाळा उभी राहिली. देशातल्या फिजिओथेरपी शिक्षणाची ही सुरुवात. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली आणि त्याच वर्षी हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही सुरू झाली.

पोलिओतही तेच भांडण झालं होतं. आधी मुलांचे पाय महिनोन्‌महिने पट्ट्यांत जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या सिस्टर केनी नावाच्या नर्सबाईंनी १९३० च्या दशकात ते सोडवले, गरम ओल्या कपड्यांनी शेकले आणि हलवायला सुरुवात केली. मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. त्यांची कारणमीमांसा सगळीच बरोबर नव्हती, पण पाय हलवायचा, हे त्यांचं म्हणणं टिकलं. आज माझ्या तरुण वाचकांनी पोलिओचं मूल पाहिलेलंही नसेल, आणि ते चांगलंच आहे. पण तुमच्या खांद्याला शेक देऊन मग हात हळूहळू वर न्यायला सांगणाऱ्या फिजिओताईंच्या विद्येचं या राज्यातलं मूळ त्या मुलांपाशी आहे.

दुसरं मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांनी रुग्णालयं भरली. शिकागोतल्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर होता. लहानपणी संधिवाती तापाने तो अंथरुणाला खिळला होता आणि बरा झाल्यावर वजनं उचलून त्याने शरीर कमावलं होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले सैनिक महिनोन्‌महिने बरे होत नव्हते. हलक्या वजनाने शेकडो वेळा पाय हलवायचा, अशी तेव्हाची पद्धत होती. त्याने उलटं केलं: वजन जास्त, वेळा कमी, आणि दर आठवड्याला वजन वाढवायचं. पायाला लोखंडी बूट बांधून त्याला वजनं लावायची. सैनिक भराभर सुधारले. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि पुढे तीन वर्षांत त्याची सुटसुटीत आवृत्ती मांडली: दहा-दहाच्या तीन फेऱ्या; पहिली निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. तुमच्या फिजिओथेरपीच्या कागदावर 'दहा वेळा, तीन सेट' असं लिहिलेलं असतं ना, ते तिथून आलं.

त्याच काळात, १९४४ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. आपल्या पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. आणि इंग्लंडमध्ये स्टोक मँडविल इथे डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याच्या दुखापतींचा विभाग हाती घेतला. कंबरेखाली लुळा पडलेला माणूस तेव्हा पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने काही महिन्यांत जाणार, असंच गृहीत धरलं जाई. गटमनने दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, जंतुसंसर्ग आवरला, आणि मग जगलेल्या माणसांना खेळायला लावलं. चाकाच्या खुर्चीवरून चेंडू, धनुष्यबाण, पोहणं. खेळ हा उपचाराचा भाग. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी त्याने आपल्या रुग्णालयाच्या मैदानावर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

आणि इथे गोष्ट थेट आपल्या अंगणात येते. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. लष्कराच्या ईएमई दलात कारागीर, आणि चांगले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. मणक्याला इजा झाली आणि कंबरेखालचं शरीर दुबळं झालं. वय जेमतेम विशीतलं. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाण्यात शरीराचा भार कमी होतो, त्यामुळे जमिनीवर जो अवयव उचलत नाही तो तिथे हलवता येतो. पाण्याचा अडथळाही असतो, म्हणजे हात-खांद्यांना वजन उचलल्यासारखा व्यायाम होतो, आणि पडण्याची भीती नाही. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांचा खेळ झाला.

१९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकला भारताचे खेळाडू पहिल्यांदाच गेले, त्यात पेटकर होते, टेबल टेनिस खेळायला. १९७२ ची स्पर्धा जर्मनीतल्या हायडेलबर्गला, ऑगस्टच्या सुरुवातीला, म्यूनिकच्या ऑलिंपिकच्या आधी झाली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकलं. भालाफेक आणि स्लॅलममध्येही ते उतरले होते. अशा खेळाडूंना परदेशी पाठवायला पैसे नसत. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यासाठी मदत उभी केली. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी भारताला २००८ पर्यंत थांबावं लागलं. आपल्या या माणसाने पॅरालिंपिकचं सुवर्ण त्याच्या ३६ वर्षं आधी आणलं होतं.

मग ते पुण्याच्या टेल्कोत नोकरीला लागले. पिंपरी-चिंचवडमधल्या माझ्या कितीतरी पेशंटनी त्याच कंपनीत आयुष्य काढलं, पण २०१८ मध्ये पेटकरांना पद्मश्री मिळेपर्यंत बहुतेकांना हे नाव ठाऊक नव्हतं. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा आला आणि मग दवाखान्यातली पोरं मलाच त्यांच्याबद्दल सांगू लागली. सिनेमात जिद्द दिसते. डॉक्टरला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: कुणीतरी त्या जखमी जवानाला वेळेवर पलंगावरून उठवून पाण्यापर्यंत नेलं. १९७४ मध्ये खडकीला लष्कराचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालं. तिथे हेच काम आजही चालतं.

इतकं सगळं घडूनही निरोगी खेळाडूच्या दुखावलेल्या गुडघ्यापर्यंत हे शहाणपण यायला वेळ लागला. १९७०-८० च्या दशकात गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली की सहा आठवडे प्लास्टर, हे नेहमीचं होतं. प्लास्टर निघालं की पाय काठीसारखा ताठ आणि बारीक. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. शेलबोर्न यांनी एक प्रामाणिक निरीक्षण मांडलं. त्यांचे काही पेशंट सूचना धाब्यावर बसवून लवकर चालू-फिरू लागत होते, आणि तेच जास्त चांगले बरे होत होते! तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी गुडघा सरळ करायचा, वजन टाकायचं, असा रिवाज पडला. पेशंटने डॉक्टरचं न ऐकल्याने वैद्यकशास्त्र सुधारल्याचं हे उदाहरण मी एरवी दवाखान्यात सांगत नाही.

बर्फाचीही अशीच कथा. १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं असे चार उपाय सांगितले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'राइस' हा शब्द जगभर झाला. ३५ वर्षांनी त्याच डॉक्टरांनी जाहीर सांगितलं की सतत बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येण्याला उलट उशीर होऊ शकतो, कारण सूज हा दुरुस्तीचाच पहिला टप्पा आहे. म्हणून आज मी सांगतो: पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी करण्यापुरता बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळून. बँडेज, पाय उशीवर. आणि मग सहन होईल तेवढी हालचाल, रोज थोडी जास्त.

अर्थात त्याआधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहावं लागतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी साधे नियम दिले. लागल्यावर आणि दवाखान्यात, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या ठरावीक जागा दाबल्यावर दुखत असतील, तर एक्स-रे काढा. गुडघा अडकून बसला, सरळच होत नाही, पाय बधिर पडला किंवा गार पडला, तर मालीशवाल्याकडे नको, सरळ रुग्णालयात.

लवकर हलवा म्हटलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात गुडघा छान वाटतो, गावची स्पर्धा जवळ आलेली असते, मंडळाचे कार्यकर्ते घरी येऊन बसतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा १०६ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळायला परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी झालं. म्हणजे हालचाल पहिल्या दिवसापासून, पण सामना नऊ महिन्यांनंतर, आणि तोही दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी झाल्यावर. या दोन गोष्टींमधला जो मोठा, कंटाळवाणा काळ आहे तो म्हणजे फिजिओथेरपी. लोक नेमके तिथेच गळतात. दुखणं थांबलं की येणं थांबतं.

आता तो मल्लखांब. नॉर्वेत २००७ च्या सुमारास १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० फुटबॉलपटू मुलींवर एक प्रयोग झाला. निम्म्याहून जास्त मुलींना सरावाआधी वीस मिनिटांचा ठरवून दिलेला व्यायाम दिला: धावणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, पोट-पाठ, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. बाकीच्यांनी नेहमीसारखा सराव केला. मोसमाअखेरीस व्यायाम करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने, आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. हा व्यायाम 'फिफा ११ प्लस' नावाने आता जगभर शिकवतात. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे तर वस्तादाचंच म्हणणं. पुढे जो ताण येणार आहे, तो अंगाला आधीच थोडा थोडा ओळखीचा करून द्यायचा. फरक एवढाच की यांनी मोजून दाखवलं.

देहूत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. तुकोबांची पालखी निघते तेव्हा मी दरवर्षी पाहतो. सत्तरीचे वारकरी, जे महिन्याच्या एकादशीला चालत येतात, शेतात राबतात, ते पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर चालून जातात आणि त्यांचे पाय टिकतात. दुखतात ते वर्षभर खुर्चीत बसून, नवीन बूट घालून, एकदम एक दिवस पंचवीस-तीस किलोमीटर चालणाऱ्यांचे. परत आल्यावर त्यांची माझ्याकडे रांग लागते. यंदा जायचं असेल त्यांनी दोन महिने आधी रोज अर्ध्या तासाने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. भंडारा डोंगर जवळच आहे. पण उतरताना घाई नको. गुडघ्यावर भार चढताना असतो त्यापेक्षा उतरताना जास्त येतो.

तर, त्या मुलाचं काय झालं? एमआरआयमध्ये अस्थिबंध तुटल्याचं दिसलं. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण त्याआधी सहा आठवडे मांडीचा व्यायाम करून यायला सांगितलं. आईला हेही विचित्र वाटलं. शस्त्रक्रिया करायचीच आहे तर व्यायाम कशाला? कारण मजबूत मांडी घेऊन टेबलावर गेलेला पाय नंतर लवकर सावरतो. पहिल्या दिवशी त्याला नुसतं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगितली. त्याला ते जमेना. स्नायू हलतच नव्हता, मुलगा रडकुंडीला आला. तिसऱ्या दिवशी मांडीत बारीकशी हालचाल दिसली.

आता शस्त्रक्रियेला पाच महिने झालेत. परवा तो एकटाच आला होता, टेप माझ्या ड्रॉवरमधून स्वतःच काढली. फरक एक सेंटिमीटरवर आला आहे. जाता जाता त्याने विचारलं, गावच्या स्पर्धेत नुसता पकडीला उभा राहिलो तर चालेल का. मी म्हणालो, गुणलेखक म्हणून बस. तो काही न बोलता गेला. आईचा फोन आला, चिडलाय म्हणाली, पण संध्याकाळच्या व्यायामाला गेलाय.